तारेवरची कापशी

वर्धा नदीचा पूल ओलांडून यवतमाळ जिल्ह्यात शिरलं, की राष्ट्रीय महामार्ग ४४ च्या दोन्ही अंगांना पऱ्हाटी सुरू होते. मार्चच्या पहिल्या आठवड्यात तिच्यात बघण्यासारखं काही उरलेलं नसतं. वेचणी संपलेली, पानं झडलेली, एखाद्या झाडाला फरदडीची चार बोंडं लोंबत असलेली. बाकी काळ्या मातीत नुसत्या काटक्या उभ्या. मधूनच एखादा पळस पेटलेला दिसतो, तेवढाच रंग. वडकीच्या पुढे विजेच्या तारेवर पहिली कापशी दिसली. मग करंजीच्या आधी दोन, नंतर आणखी. पांढरकवड्याला पोचेपर्यंत नऊ मोजल्या आणि एकीसाठीही गाडी थांबवली नाही.

कापशी म्हणजे कावळ्याहून जराशी लहान घार. पोट कापसासारखं पांढरं, पाठ राखाडी, खांद्यावर काळे डाग आणि डोळे लालभडक. कापसाच्या जिल्ह्यात कापशी नावाचा पक्षी तारेवर बसलेला असावा, हा योगायोग चांगला होता. पण मी नागपूरहून निघालो होतो तो टिपेश्वरचे गरुड टिपायला. कापशी कुठेही दिसते. तिला काय बघायचं?

पांढरकवड्यात उतरल्यावर पहिलं काम म्हणजे दोन किलो हरभरा विकत घेणं. जुन्या जीन्सचा एक पाय कापून त्याची मी पिशवी शिवली आहे. घरून ती रिकामी न्यायची, मुक्कामी हरभऱ्याने भरायची आणि जिप्सीच्या दांडीवर ठेवून तिच्यात लेन्स रुतवायची. तीन पायांचा स्टँड जिप्सीत उघडतच नाही, आणि १५०-६०० ची लेन्स तासन्‌तास हातावर तोलून धरण्याचं वय माझं राहिलेलं नाही. परतल्यावर त्याच हरभऱ्याची उसळ होते. सोबत वर्ध्याचा एक मित्र होता. त्याच्याकडे कॅमेरा नाही, फक्त दुर्बीण. त्यामुळे त्याला माझ्यापेक्षा नेहमीच जास्त दिसतं.

टिपेश्वर अभयारण्य लहान आहे, १४८.६३ चौरस किलोमीटर. १९९७ साली ते जाहीर झालं. टिपाई देवीचं देऊळ या जंगलात आहे, तिच्यावरून नाव पडलं. सागवान, ऐन, मोह, तेंदू, बांबू. उताराउतारांचं जंगल आणि मधून नाले. दक्षिणेला पैनगंगेपलीकडे लगेच तेलंगण. लोक इथे वाघासाठी येतात, आणि ते साहजिकही आहे, कारण एवढ्या लहान जंगलात वाघांची दाटी आहे. ती इतकी, की वाघ बाहेर पडतात. इथे जन्मलेल्या एका तरुण वाघाने २०१९ मध्ये गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन जंगल सोडलं आणि शेतं, रस्ते, नद्या ओलांडत थेट बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात मुक्काम केला. त्याची एकूण भटकंती तीन हजार किलोमीटरच्या घरात गेली होती. याच तालुक्याच्या शेजारी, राळेगावच्या बाजूला, नरभक्षक ठरवलेल्या अवनी वाघिणीचं प्रकरण झालं आणि २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री ती गोळीने संपली. हद्द कागदावर असते. हे वाघाच्या बाबतीत सगळ्यांना ठाऊक आहे. पक्ष्याच्या बाबतीत आपण ते विसरतो.

पहाटे सुन्ना गेटवर जिप्सींची रांग लागली होती. आमचा गाईड जवळच्याच गावचा, पंचविशीतला. लेन्स बघून तो खूश झाला आणि पक्षी म्हटल्यावर जरा हिरमुसला.

"वाघ नाही पाहाचा का दादा?"

"दिसला तर पाहू. पण आधी गरुड, ससाणे, घारी."

"पाखरासाठी येवढा मोठ्ठा क्यामेरा!" असं तो ड्रायव्हरला म्हणाला, मला नाही.

हिरमुसला असला तरी त्याची नजर तयार होती. आत शिरून पंधरा मिनिटं झाली नसतील, तोच त्याने ड्रायव्हरच्या खांद्यावर थाप मारली. "सापमाऱ्या बसून रायला, नाल्याच्या वर. ऊन घेऊन रायला."

नाल्याकाठच्या अर्जुनाच्या सुक्या फांदीवर तुरेवाला सर्पगरुड बसला होता. गडद तपकिरी अंग, पोटावर पांढरे ठिपके, डोळा आणि चोचीचा बुंधा पिवळाधमक. सकाळच्या गार हवेत त्याला हलायची घाई नसते. ऊन अंगात मुरेपर्यंत तो बसून राहतो. शिकारी पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्याला हा तास सोन्याचा. नऊनंतर हवा तापते, जमिनीवरून ऊब उठते आणि हे सगळे त्या उबेवर स्वार होऊन आभाळात ठिपके होऊन जातात. मग लेन्स कितीही लांब असो.

गाडीचं इंजिन बंद करायला सांगितलं, कारण त्या थरथरीतून धड फोटो निघत नाही. पहिले पाच-सहा फोटो काळे ठिक्कर आले. चूक माझीच. पक्षी उंचावर, मागे उजळलेलं आभाळ. कॅमेरा आभाळाचा उजेड मोजतो आणि पक्ष्याचा कोळसा करतो. अशा वेळी उजेडाचं माप एक पायरी वर चढवावं लागतं. आभाळ पांढरं पडलं तरी पडू द्यायचं, पिसं दिसली पाहिजेत. कापशीसारखा पांढरा पक्षी गडद झाडीसमोर बसला असेल तर नेमकं उलटं, माप खाली आणायचं, नाहीतर तिची छाती नुसती चुन्याचा ठिपका होते. हे मला वीस वर्षं माहीत आहे आणि दर सफरीतले पहिले फोटो मी असेच घालवतो.

गरुडाचे पाय नीट दिसत होते, उघडे, पिवळे, खवल्याखवल्यांचे. ओळखीची ही एक सोपी खूण आहे. याच जंगलात मोरघार असते. तीही तपकिरी, तीही तुरेवाली, पण तिच्या पायांवर बोटांपर्यंत पिसांची विजार असते. सर्पगरुडाच्या पायांना विजार नाही, जाड खवल्यांचं चिलखत आहे. सापाचं विष त्याला बाधत नाही असं गावोगाव सांगतात. तसं नसतं. दंश मांसापर्यंत पोचू नये याची सोय त्या खवल्यांत असते, आणि साप डोक्याशी दाबून धरण्याचं कसब त्याच्या पंजात. बाकी तोही जपूनच असतो.

तेवढ्यात मागून दोन जिप्सी आल्या. "काय आहे?" "गरुड." "अच्छा." धुळीचा लोट आमच्यावर सोडून गाड्या पुढे गेल्या. लगेच दूर कुठेतरी चितळ ओरडलं आणि त्या दिशेने आणखी तीन गाड्या धावल्या. आमच्या गाईडचे पाय शिवशिवत होते. पण तो बसून राहिला, हे मी त्याच्या खाती जमा करतो.

मोठा शिकारी पक्षी उडण्याआधी निरोप देतो. शेपटी जरा उचलतो, शीट टाकतो, अंग पुढे झुकवतो, आणि मग फांदी सोडतो. शीट टाकली की बोट बटणावर हवं. सर्पगरुडाने हे सगळं रीतसर केलं. मी त्या वेळी मान खाली घालून कॅमेऱ्याच्या पडद्यावर आधीचा फोटो मोठा करून बघत होतो. मित्र म्हणाला, "गेला." मान वर केली तेव्हा नाल्यावरून तो तिरका होत झाडीत शिरत होता, पंखाखालचा रुंद पांढरा पट्टा दाखवत. थोड्या वेळाने त्याची शीळ आली, लांबवलेली, वर चढणारी. गाईडला माझी कीव आली असावी. "येते तो परत. त्याची जागाच हाये ते," तो म्हणाला. परत आला नाही.

पुढे जंगल एकदम उघडं होतं आणि गवताचं कुरण लागतं. अभयारण्याच्या पोटातली गावं बाहेर हलवली गेली, त्यांची वावरं आणि गावठाणं आता अशी कुरणं झाली आहेत. चितळ आणि नीलगाई तिथे चरतात, म्हणून वाघही येतो आणि म्हणून गाड्याही थांबतात. पण कुरणाच्या कडेच्या सुक्या खुंटांकडे कोणी बघत नाही. आम्हाला तिथेच तिसा सापडला.

तिसा हा मोठा शांत पक्षी. डोळे पांढरट पिवळे, गळा पांढरा, त्यावर मधोमध एक काळी रेघ, गंध ओढल्यासारखी. खुंटावर तासभर बसून खाली टोळ, सरडा, उंदीर हलायची वाट बघतो. त्याचं शास्त्रीय नाव ब्यूटास्टर टीसा. म्हणजे युरोपातल्या पंडितांनी नाव देताना आपल्याकडच्या पारध्यांच्या तोंडचाच शब्द लॅटिनच्या पंगतीत बसवला. सर्पगरुडाच्या शास्त्रीय नावातही हिंदीतली चील 'चीला' होऊन बसली आहे, आणि शिक्रा तर इंग्रजीतही शिक्राच. शिकारी पक्ष्यांची नावं अशी इकडून तिकडे गेली याचं कारण बाजदारी. बहिरी, लगड, तुरुमती, बाज, जुर्रा: हातावर पक्षी बसवून शिकार करणाऱ्यांना नर-मादीसाठीसुद्धा वेगळी नावं लागत. आता ती नावं वापरणारी माणसं गेली. आमच्या गाईडच्या हातातल्या पक्ष्यांच्या पुस्तकात इंग्रजी नावं होती. सापमाऱ्या हे नाव मात्र त्याला आजोबांकडून आलेलं. असे शब्द जपणारे मारुती चितमपल्लीही जून २०२५ मध्ये सोलापुरात गेले. वनखात्यात आयुष्य घालवताना आदिवासींकडून जंगलाचे शब्द वेचून त्यांनी पक्षीकोश केला, म्हणून निदान आपल्यासारख्यांना तो उघडून बघता येतो. कोशातला शब्द आणि गाईडच्या तोंडचा शब्द कधी जुळतात, कधी नाही. नाही जुळले तर मी गाईडचा लिहून घेतो.

तिशाचे फोटो चांगले आले. सकाळचं कोवळं ऊन माझ्या पाठीमागे, मागचं गवत पिवळं आणि लांब, आणि डोळ्यात उजेडाचा ठिपका. शिकारी पक्ष्याच्या फोटोत बाकी सगळं जमलं आणि डोळा मेला तर फोटो मेला. भुवईच्या हाडाची पुढे आलेली कड त्यांच्या डोळ्यावर सावली पाडते. ऊन माथ्यावर गेलं की डोळा त्या सावलीत बुडतो. म्हणून सकाळी दोन तास, संध्याकाळी दीड. दहा-बारा फोटो झाल्यावर दुसरा तिसा चोचीत काडी घेऊन मागच्या ऐनाच्या झाडात शिरला. घरटं बांधणं चालू होतं. मी पिशवी उचलली आणि गाडी पुढे घ्यायला सांगितली. घरट्याजवळ गाडी थांबली की दुसरी थांबते, मग पाचवी, आणि जोडी ते झाड सोडते. यातले बहुतेक पक्षी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्याच रांगेत. गाड्यांच्या रांगेत ते दिसत नाही.

साडेदहाला बाहेर आलो. गेटबाहेर चहा घेताना मित्राने दुर्बिणीतून वर बघत मोजायला सुरुवात केली. घारी चार, शिक्रा एक, मग मधुबाज, लांब मान आणि कबुतराएवढंसं डोकं. मोहोळांचा हा वैरी. त्याच्या चेहऱ्यावरची पिसं खवल्यांसारखी आखूड आणि घट्ट असतात. आग्या मोहोळाची नांगी तिथे सहजी शिरत नाही. मधापेक्षा त्याला पोळ्यातल्या अळ्यांत रस. रंगाच्या बाबतीत हा पक्का बहुरूपी, एक काळपट, दुसरा पांढुरका, तिसरा मोरघारीसारखा पट्ट्यांचा. मोरघारीचं सोंग घेतलं तर मोठे गरुड वाटेला जात नसावेत, असा अभ्यासकांचा तर्क आहे. मी फोटो काढले. सगळे आभाळावर काळे ठिपके. ओळखीपुरते ठीक.

"गिधाड?" मी विचारलं. मित्राने दुर्बीण न काढता मान हलवली.

चहावाले काका साठीच्या पुढचे होते. त्यांना गिधाडं आठवत होती. गावाबाहेर ढोर टाकलं की तासाभरात येत, इतकी की झाडाच्या फांद्या वाकत. कधी गेली ते सांगता आलं नाही, कारण एका दिवशी कोणी गेलं नव्हतं. देशभर तेच झालं. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांत हजारातलं एखादंच उरलं. कारण सापडलं ते २००४ च्या सुमारास: ढोरांना दुखण्यावर दिलं जाणारं डायक्लोफेनॅक. औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडाने खाल्लं, की त्याची मूत्रपिंडं बंद पडत. २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली, आणि त्याच जातीच्या कीटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफेनॅकवर २०२३ मध्ये. हरियाणातल्या पिंजोरच्या प्रजनन केंद्रात वाढवलेली पांढऱ्या पाठीची गिधाडं २०२४ मध्ये शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, ताडोबातल्या बोटेझरीला आणून सोडली. त्यांतलं एक पाठीवर यंत्र घेऊन तमिळनाडूपर्यंत पोचलं. त्याला वाटेत किती अभयारण्यं लागली असतील आणि किती गावं? ढोराला कुठल्या गावात कोणतं इंजेक्शन दिलंय, हे त्याला वरून दिसत नाही.

दुपारच्या फेरीत वाघ दिसला. पाणवठ्यात बसला होता, पाठ आमच्याकडे करून. मीही वीस फोटो काढले. गाईडचा चेहरा उजळला आणि दिवस सार्थकी लागल्यासारखा तो गप्प झाला.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेटवर गेलोच नाही. त्याचं श्रेय मित्राला. "तुझे भोवत्ये आत नाही, बाहेर असतील," तो म्हणाला. भोवत्या हा शिकारी पक्षी जमिनीपासून हात-दोन हातांवरून, पंख इंग्रजी व्हीसारखे उचलून, वावरावर घिरट्या घालतो. भोवती भोवती फिरतो म्हणून भोवत्या. हिवाळ्यात रशिया-कझाकस्तानच्या गवताळ मैदानांतून येतो, मार्च-एप्रिलात परततो. त्याला उघडं रान लागतं, सागवान नाही. अभयारण्याच्या हद्दीबाहेर नुकत्याच सवंगलेल्या हरभऱ्याच्या वावरात, सकाळी सातला, तो होता. तपकिरी, कमरेवर पांढरा पट्टा. म्हणजे मादी किंवा पिल्लू. माँटेग्यूचा भोवत्या आणि पांढुरका भोवत्या यांच्या माद्या उडताना वेगळ्या ओळखणं ही भल्याभल्यांची परीक्षा. इथे कॅमेरा कामाला आला. शटर १/२५०० वर ठेवून, धुऱ्यावर पालथा पडून, तो समोरून येताना बारा फोटो ओढले. मोठा करून पाहिला तर मानेभोवती फिकट कॉलर आणि त्याच्यामागे गडद पट्टा. पांढुरका. पोटाला ढेकळं रुतली होती, कोपरांवर काळी माती. फोटो मात्र डोळ्याच्या पातळीवरून आला, आणि जिप्सीतून असा फोटो येत नाही.

वावराचे मालक बैलजोडी घेऊन आले आणि आमच्याकडे बघत उभे राहिले. काय करताय विचारल्यावर भोवत्या दाखवला. त्यांना तो माहीत होता, नाव माहीत नव्हतं. "हे नाकतोडे खाते. बोदा-बोदाने फिरते. आधी लई राहत, आता दोन-चार दिसते." मी कारण विचारलं नाही, त्यांनीच हाताने फवारणीचा पंप दाखवल्यासारखं केलं. २०१७ च्या पावसाळ्यात याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ज्या औषधाने माणूस आडवा होतो त्यापुढे टोळ आणि टोळ खाणारा काय टिकणार? बोरी-बाभळीचे धुरे मोडून वावरं सपाट करण्याचं कामही चालू आहेच. अभयारण्याला तारेचं कुंपण घालता येईल. भोवत्याचं जेवण सातबाऱ्यावर आहे.

ऊन चढायला लागलं तशी मी पिशवी झटकून उठलो. तेवढ्यात धुऱ्यावरच्या तारेवर कापशी येऊन बसली. परवाच्या नवांपैकीच एखादी असेल. आता थांबायला काही हरकत नव्हती. ती उठली, वावरावर येऊन हवेत जागच्या जागी थांबली, पंख भराभर हलताहेत पण डोकं दोऱ्याने बांधल्यासारखं स्थिर. मग पंख वर जोडून हळूहळू खाली, थांबली, आणखी खाली. उजेडाचं माप मी आठवणीने खाली आणलं. शेवटच्या टप्प्यात ती दगडासारखी सुटली आणि हरभऱ्याच्या काडातून वर आली तेव्हा पंजात उंदीर होता. सतरा फोटो. एकात लाल डोळा, उंदराची शेपटी आणि मागे फुललेला पळस, सगळं एका रेषेत.

वावराच्या मालकांना पडद्यावर दाखवला. त्यांनी डोळ्यावर हाताची सावली धरून बराच वेळ पाहिला.

"हे त आमची तारेवरचीच हाये."

"हो."

"नागपुराहून इचाच फोटो काढाले आले?"

मित्र हसायला लागला. मालकांनी फोटो मोबाईलवर पाठवायला सांगितला, नंबर दिला आणि बैल जुंपले. पिशवीतला हरभरा मी त्यांच्यासमोर ओतून घेतला, तेव्हा त्यांनी चार दाणे उचलून तोंडात टाकले आणि विचारलं, "काय भाव घेतला?" मी सांगितला. दुकानदाराने मला फसवलं होतं, असं त्यांचं मत पडलं.